सहा व्होल्टचं मरण

१

दोन नंबरच्या टाकीवर वायरमन पालथा पडलेला आधी त्याच्या बायकोलाच दिसला. सकाळचे सव्वाआठ झाले होते. उजवा हात दंडापर्यंत निकेलच्या हिरव्या पाण्यात, डावा हात टाकीवरच्या तांब्याच्या दांड्यावर आडवा, आणि तोंड असं एका बाजूला वळलेलं की बसल्या जागी डोळा लागला असावा. त्या टाकीचा करंट तिने स्वतःच्या हाताने मिनिटभरापूर्वी चालू केला होता. पलीकडच्या खोलीत जाऊन करंटच्या यंत्राची मूठ फिरवली, धुतलेल्या जॉबची, म्हणजे मुलामा द्यायच्या वस्तूंची, जाळी उचलून इकडे आली, आणि हे.

ती किंचाळली नाही. जाळी खाली ठेवली, परत पलीकडे गेली, मूठ बंद केली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. लोक धावत आले तेव्हा तिच्या तोंडी एकच वाक्य होतं. "मी मारलं. माझ्याच हातानं मारलं यांना."

नळ, कड्या आणि सायकलच्या हँडलांना निकेलचा मुलामा देणारा तो कारखाना. वीस-बावीस माणसं, चार टाक्या. वायरमन गेली अकरा वर्षं तिथे, बायको नऊ वर्षं दोन नंबरच्या टाकीवर, आणि वायरमनचा थोरला भाऊ वर्षभरापूर्वी सुपरवायझर झालेला. म्हणजे एका घरातली तीन माणसं एका छपराखाली. त्यातलं एक गेलं आणि दुसरं त्याच संध्याकाळी पोलीस चौकीत बसलं.

पोलिसांना काय, बाई स्वतःच कबूल म्हटल्यावर आयतं ताट वाढून समोर आलं. फौजदाराने जबाब लिहिला. हयगयीने मृत्यूस कारण झाली, एवढ्या चार शब्दांत नऊ वर्षांचा संसार बसवला.

२

विजेने माणूस मेला की सरकारी विद्युत निरीक्षकाचा कागद लागतो. तो नसला तर कोर्ट फाईल तोंडावर फेकतं. म्हणून तिसऱ्या दिवशी निरीक्षकबाई चौकीत आल्या. पन्नाशी ओलांडलेली, किडकिडीत, बोलायला तिखट बाई. खात्यात त्यांना पाठीमागे शंकासूर म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे.

"मॅडम, यात तुम्हाला डोकं चालवायचं कारणच नाही," फौजदार म्हणाला. "आरोपी कबूल आहे. यंत्राच्या पाटीवर बाराशे अँपिअर लिहिलंय. पाच वाजता हिला कोर्टात उभी करतो, तिथे हा जबाब वाचला जाईल, ही हो म्हणेल, संपलं. तुमची सही तेवढी चारपर्यंत द्या."

"बाराशे अँपिअर. आणि व्होल्ट किती?"

फौजदाराने कागद उलटसुलट केला. "ते काही लिहिलेलं दिसत नाही. पण मारतो तो अँपिअर, मॅडम. व्होल्ट नाही."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सुपरवायझरनं. मयताचा सख्खा भाऊ. रडत होता बिचारा, तरी सगळं बैजवार समजावलं त्यानं."

बाईंनी 'मारतो तो अँपिअर' एवढं वहीत लिहून घेतलं. ते वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं. आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली माणसं विजेच्या धंद्यात किती बळी घेतात, हे त्यांच्या फायलींना चांगलं ठाऊक होतं.

वायरमनची बायको आतल्या बाकावर बसली होती. तीन दिवसांत तिने कोणाला काही मागितलं नव्हतं, सहा वर्षांच्या मुलीची चौकशी सोडून. मुलगी सासूपाशी होती. आणि सासूने निरोप धाडला होता, की माझ्या पोराला खाणारीचं तोंड या घरात दिसायला नको. नातीचंही नाव काढायचं नाही.

"दोन नंबरवर काम करताना हात पाण्यात जातो तुमचा?" बाईंनी विचारलं.

तिने बोटं पुढे केली. लाल, भेगाळलेली. निकेलची खाज म्हणतात ती. "जॉब हूकवरून निसटला की काढावाच लागतो."

"करंट चालू असताना?"

"मग? जॉबगणिक बंद करत बसलं तर माल कधी निघायचा?"

"धक्का बसलाय कधी?"

"कुठं कापलेलं असलं की चुणचुणतं." मग तिला वाटलं, ही बाई आपल्याला सोडवायला पाहतेय, आणि ती एकदम कडक झाली. "पण आमची दोन बोटं जातात. यांचा सगळा हात आत होता. दुसरा दांड्यावर होता. भाऊजींनी सांगितलं मला, बाराशेच्या बाराशे अँपिअर यांच्या छातीतून गेले. मूठ मीच फिरवली ना?"

"मूठ फिरवल्यावर काटे पाहिलेत?"

"पाहतेच. सवय आहे."

"काय दाखवत होते?"

"व्होल्टचा सहावर होता. अँपिअरचा शून्यावर."

"शून्यावर?"

"असतोच. टाकी रिकामी होती ना! जॉब आत उतरवले की मग चढतो तो."

निरीक्षकबाईंची पेन्सिल थांबली. समोरची बाई तीन दिवस स्वतःला नवऱ्याची मारेकरीण म्हणत होती, आणि आपल्या निर्दोषपणाचा पुरावा तिने स्वतःच्या डोळ्यांनी काट्यावर वाचला होता. तिला ते कळलंच नव्हतं.

त्यांनी फौजदाराकडून मयताच्या वस्तूंचं गाठोडं मागवलं. घड्याळ, टेस्टर, रुमाल. आणि आतल्या खिशात सापडलेले, पंचनाम्यात 'चिनी मातीचे तीन तुकडे' म्हणून नोंदलेले, तीन फ्यूज. तारा शाबूत.

"ती त्यांची रीत होती," वायरमनची बायको हळूच म्हणाली. "ज्या लाईनवर काम, तिचे फ्यूज काढायचे आणि आतल्या खिशात ठेवायचे. म्हणजे कोणी चुकूनसुद्धा सप्लाय द्यायला नको. माझा जीव माझ्या खिशात, असं म्हणायचे."

"मग त्या दिवशी ते कुठल्या लाईनवर काम करत होते?"

तिला माहीत नव्हतं. पण ती आता बाईंच्या हातातल्या फ्यूजकडे पाहत होती आणि तिच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी पडली होती. टाकीच्या लाईनला असले फ्यूज नसतातच, ती म्हणाली.

३

कारखान्यात आंबट, गरम वाफेचा वास होता आणि टाक्यांच्या मागच्या भिंतीत एक्झॉस्टचा पंखा घरघरत होता. मालक स्वतः दारात आले. म्हातारे गृहस्थ, आणि त्यांच्या बोटांवर तीच जुनी खाज, आता चामड्यासारखी झालेली.

"पहिली टाकी मी या हातांनी बांधली, बाई. असलं अभद्र कधी झालं नाही. मी नऊला आलो तेव्हा सगळं संपलेलं. काय सांगू?"

केमिस्ट तरुण होता, टाकीतल्या पाण्याची रोज तपासणी करणारा. मरणाचा विषय निघाला तरी त्याची जीभ काबूत राहीना. "मी पावणेआठला आलो आणि माझ्या काचेच्या नळ्यांत डोकं घातलं. इथे पंखा चालू असला की शेजारी ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. लग्न जमेना म्हणून आई कुरकुरते तेही इथे बसलं की ऐकू येत नाही, म्हणून तर नोकरी टिकली."

"तुम्ही आलात तेव्हा पंखा चालू होता?"

"चालूच होता."

सुपरवायझर मात्र तीन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झालेला दिसत होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. बारा वर्षं पॅकिंग खात्यात काढून मग वरच्या जागेवर आलेला माणूस, कामाला वाघ, वेळेचा पक्का. बोलताना तो दोन नंबरच्या टाकीकडे पाठ करून उभा राहिला.

"मी साडेसातला आलो, मॅडम. तो आधीच आला असणार, त्याच्याकडे मागच्या दाराची किल्ली होती. मी पॅकिंगमध्ये होतो, मला दिसला नाही. टाकीत काहीतरी पडलं असेल, काढायला वाकला असेल. तेवढ्यात तिनं मूठ फिरवली. तिचा तरी काय दोष? पण कायदा म्हणजे कायदा."

"सहा व्होल्टवर माणूस मरेल?"

"व्होल्ट सोडा हो! अर्धा अँपिअर माणसाला पुरतो. इथे बाराशे आहेत. पाटी वाचा की."

बाईंनी पाटी वाचली. मग मालकांना म्हणाल्या, "रिकाम्या टाकीवर करंट चालू करा."

मालकांनी पलीकडे जाऊन मूठ फिरवली. करंट पुरवणारं यंत्र, रेक्टिफायर, गुणगुणू लागलं. दोन्ही काटे टाकीवरून उघड्या दारातून दिसत होते. बाईंनी घड्याळ काढलं, अंगठी काढली, उजवी बाही कोपराच्या वर दुमडली. काय चाललंय हे कोणाच्या ध्यानात येण्याआधी त्यांनी डाव्या हाताने तांब्याचा दांडा घट्ट धरला आणि उजवा हात दंडापर्यंत हिरव्या पाण्यात घातला.

मालकांनी मान हलवली. केमिस्टने जांभई दिली.

सुपरवायझर ओरडला. "मॅडम, नको!" असं ओरडत तो टाकी ओलांडून पलीकडच्या खोलीत धावला, मालकांना ढकलून त्याने मूठ बंद केली, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच उभा राहिला.

४

"हात बाहेर काढा आता, बाई. ते पाणी कातड्याला वाईट," मालक म्हणाले. जणू एखाद्या नव्या कामगाराला सांगत होते.

बाईंनी नळाखाली हात धुतला, सावकाश पुसला आणि बाही खाली केली. सुपरवायझर दाराच्या चौकटीत आला होता. त्याची पाचावर धारण बसली होती.

"काट्याकडे कोणी पाहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी पाहिलं," केमिस्ट म्हणाला. "सहा व्होल्ट. अँपिअर शून्य. म्हणजे शून्य नसेल अगदी, पण एवढा मोठा मीटर तेवढ्यासाठी जागचा हलत नाही."

"मग माझ्यातून बाराशे अँपिअर का नाही गेले?"

केमिस्टला वाटलं आपली परीक्षा घेताहेत. तेव्हा बाई स्वतःच बोलल्या आणि बोलताना त्यांची नजर सुपरवायझरवर होती.

"कारखान्याच्या दाराबाहेर बाराशे माणसं उभी आहेत, म्हणून बाराशे आत शिरली असं होत नाही. दार किती उघडं आणि मागून रेटा किती, यावर आत किती येतील ते ठरतं. रेटा म्हणजे व्होल्ट. दार अडवून धरणारा म्हणजे विरोध, त्याला आपण ओहम म्हणतो. आणि प्रत्यक्षात आत आली ती माणसं म्हणजे अँपिअर. पाटीवरचे बाराशे म्हणजे हे यंत्र देऊ शकतं तेवढे. घेणारा किती घेईल ते त्याच्या विरोधावर आहे. शंभर जॉब टाकीत लटकवले की विरोध नावालाही उरत नाही, मग सहाच्या रेट्यानंही बाराशे जातात. माणसाचं ओलं शरीर दोन हजार ओहम धरा. सहाला दोन हजारांनी भागा."

"तीन हजारांश," केमिस्ट म्हणाला. "एका अँपिअरचे तीन हजारांश भाग."

"मुंगी चावली तरी जास्त कळतं. मारतो तो अँपिअर, हे खरंच आहे, पण त्याला आत ढकलायला मागे व्होल्ट लागतात. या टाकीनं वायरमनला मारलेलं नाही. त्याच्या बायकोनं मूठ फिरवली तेव्हा तो मेलेलाच होता."

पंखा तेवढा घरघरत राहिला. मालकांनी शेवटी विचारलं, "मग माझा माणूस मेला कशानं?"

"विजेनंच मेला. डॉक्टरांनी लिहिलंय. उजव्या अंगठ्यावर मुगाएवढा काळा डाग आणि डाव्या तळहातावर एक सरळ, बारीक भाजल्याची रेघ. तुमचा हा दांडा गोल आहे, मनगटाएवढा जाड. याच्यानं बारीक रेघ उठत नाही. आणि अख्खा हात पाण्यात असेल तर अंगठ्याच्या टोकालाच डाग कशाला पडेल? शिवाय शर्टाची बाही मनगटाशी बटण लावलेली होती. पाण्यातून वस्तू काढायला वाकणारा माणूस आधी बाही वर करतो. त्याला कुठेतरी दोनशे तीस व्होल्ट लागले. त्यालाही दोन हजारांनी भागून पाहा. दहाव्या हिश्श्याहून जास्त अँपिअर येतो, आणि काळीज थांबवायला तेवढा पुष्कळ झाला."

त्यांनी खिशातून तीन फ्यूज काढून टेबलावर ठेवले.

"हे त्याच्या खिशात होते. म्हणजे बोर्डावर तीन घरं रिकामी असायला हवीत. कुठली ते पाहू."

सगळे बोर्डापाशी गेले. झाकण उघडलं. एकही घर रिकामं नव्हतं.

५

फ्यूजचा बोर्ड म्हणजे वाफेने आणि धुळीने पिवळा पडलेला. वर्षानुवर्षांच्या चहाच्या कपांसारखे एकजात पिवळे फ्यूज. त्यात एका ओळीतले तीन पांढरेशुभ्र. खाली मयताच्या हस्ताक्षरात चिठ्ठी होती: पंखा.

"नवे कुठे असतात?"

"स्टोअरच्या कपाटात," मालक म्हणाले. बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. "किल्ली..." आणि त्यांनी पुढचं वाक्य गिळलं.

निरीक्षकबाईंनी त्यांना आणि केमिस्टला तिथेच थांबवलं आणि सुपरवायझरला घेऊन त्या पंख्याच्या मागच्या बोळात गेल्या. अरुंद बोळ, एक लाकडी स्टूल, डोक्याच्या उंचीवर पंख्याचा स्विचबॉक्स, आणि शेजारून गेलेली अँगलची लोखंडी चौकट, तिची कड सुरीसारखी. स्विचबॉक्सच्या झाकणाला चार स्क्रू. दोन नीट बसलेले, तिसरा तिरका, चौथा नव्हताच. बाईंनी मालकांना ओरडून पंख्याची लाईन बंद करायला सांगितली, टेस्टर लावून खात्री केली आणि झाकण काढलं. जिथे सप्लायच्या तारा आत येतात, तिथल्या पितळी टोकावर काळा डाग होता.

पंखा बंद पडल्यावर कारखाना कधी नव्हे इतका शांत झाला.

"तुम्हीच बोलाल की मी बोलू?" त्यांनी विचारलं.

त्याने बोळाच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं, मी बोलते. त्याला टाकीवर नेऊन ठेवणाऱ्याला एक गोष्ट माहीत नव्हती, की त्या टाकीनं कोणी मरत नाही. मालकांचे हात पाहा, आयुष्य त्या पाण्यात गेलं, त्यांना ती माहीत आहे. केमिस्ट तर शाळेत शिकून आलाय. तुमची भावजय रोज बोटं बुचकळते. शिवाय तिला एवढा गडी उचलवला नसता. या कारखान्यात बाराशे अँपिअरला मनापासून भिणारं एकच माणूस आहे. मघाशी मी हात घातला तेव्हा धावलात तुम्ही. मला वाचवायला धावलात, ते मी विसरणार नाही. पण कपाटाची किल्लीही तुमच्याकडेच आहे."

सुपरवायझर स्टुलावर बसला. ज्या स्टुलावर त्याचा भाऊ उभा होता, त्याच स्टुलावर. हे त्याच्या लक्षात आलं तसा तो चटका बसल्यासारखा उठला आणि भिंतीला टेकला.

"साडेसातला आलो. पंखा बंद. बोर्ड उघडला, तीन घरं रिकामी. म्हटलं, विसरला हा पुन्हा. महिन्याभरात दोनदा फ्यूज खिशात घालून घरी गेला होता, मॅडम, दोनदा! घरी जाऊन आणायला लागले होते. सव्वाआठला माल टाकीत पडायला हवा होता, आणि पंख्याशिवाय इथे कोणी उभं राहू शकत नाही. मी कपाटातून नवे काढले. पहिला बसवला, दुसरा बसवला. तिसरा बसवला आणि मागून आवाज आला."

"हाक मारली होतीत आधी?"

"नाही."

"बोर्डापासून हा बोळ किती लांब?"

"पंधरा पावलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी फ्यूज ओढून काढले, धावत आलो. लोखंडावर कलंडला होता. हलवलं, छाती दाबली, नाव घेतलं. काही उरलं नव्हतं."

इथवर निरीक्षकबाईंचा राग त्याच्यावर नव्हता. घाईने माणसं मरतात, हे त्यांनी तीस वर्षं पाहिलं होतं. पण पुढचं विचारायचंच होतं.

"आणि मग?"

"मग वाटलं, सगळ्यांना कळणार. मीच मारलं म्हणणार. आईला काय तोंड दाखवू? टाकीवर नेऊन ठेवला. लोक म्हणतील टाकीत वाकला आणि गेला, दोष कोणाचाच नाही. झाकण लावलं, फ्यूज बसवले, पंखा चालू केला. करंटची मूठ मीच फिरवणार होतो. तेवढ्यात जाळ्या धुवायच्या खोलीत ती शिरताना दिसली. मी पॅकिंगमध्ये पळालो. आणि तिनं रोजच्यासारखी मूठ फिरवली."

"ती मीच मारलं म्हणाली, तेव्हा तुम्ही तिथे होतात."

"होतो."

"तिला बाराशे अँपिअर कोणी समजावले?"

"वाटलं, बाईमाणूस आहे, अपघात म्हणून सोडतील. मला कोण सोडणार होतं?"

"भाऊ गेला तो घाईनं गेला. त्याची शिक्षा काय ते कोर्ट पाहील," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोळाच्या तोंडाशी आलेल्या मालकांनी मान खाली घातली. "पण तीन दिवस ती बाई आपल्याच हाताकडे बघत बसलीय. ते घाईनं झालेलं नाही. ते तुम्ही रोज सकाळी उठून पुन्हा केलंत."

तो रडू लागला. मोठ्या माणसाचं रडणं ऐकायला वाईट असतं, आणि याच्याविषयी कणव यावी की नको हे बाईंना ठरवता येईना.

"एवढं सगळं केलंत," त्या म्हणाल्या, "मग खिशातले फ्यूज का नाही काढून घेतलेत?"

"मला त्याच्या खिशात हात घालवला नाही," तो म्हणाला.

६

चौकीत पोचायला साडेचार वाजले. फौजदाराने आधी हुज्जत घातली, मग केमिस्टने दोन दोन वेळा भागाकार करून दाखवला, आणि सुपरवायझर स्वतःच बोलू लागल्यावर त्याने तोंड वाकडं करत जुना जबाब फाडला. सुपरवायझरने एक फोन करू द्या म्हटलं. फौजदाराने करू दिला.

निरीक्षकबाई आतल्या बाकावर वायरमनच्या बायकोशेजारी जाऊन बसल्या. कागद वाचून दाखवायची त्यांची सवय होती, पण कागद त्यांनी उघडला नाही.

"तुमच्या हातानं झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मूठ फिरवलीत तेव्हा ते गेलेले होते. अर्धा तास झाला होता."

"काटा शून्यावर होता म्हणून?"

"म्हणूनही."

तिने दोन्ही हात उलटे केले, सुलटे केले. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू आलं. ती रडत असताना बाईंनी उरलेलं सांगितलं. फ्यूज, पंखा, बोळ, थोरला भाऊ. सांगायला सोपी अशी त्यात एकही गोष्ट नव्हती. तिने मध्ये काही विचारलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं ते असं: "आईंना कोण सांगणार?"

"पोलीस सांगतील."

"नको. एक मुलगा गेल्याचं त्यांना रस्त्यावरच्या माणसानं येऊन सांगितलं होतं. हे मी सांगते."

"त्यांनी तुम्हाला दारात उभं करणार नाही म्हटलंय."

"म्हणू देत."

बाईंनी तिला सरकारी जीपमधून घरी नेलं. दुसरा मजला, अरुंद जिना, दाराशी लहान चपलांचा एक जोड. दार वाजवल्यावर म्हातारीने उघडलं, आणि समोर कोण आहे ते पाहून तिने चौकटीवर हात आडवा धरला. तिच्या पदरामागून मुलीचं डोकं दिसलं. मुलगी आईकडे झेपावली तशी म्हातारीने तिला धरून ठेवली.

"तुला सोडली?" म्हातारी म्हणाली. मग तिचा आवाज जरा खाली आला, कारण कितीही म्हटलं तरी घरात दुसरं कोणी बोलायला नव्हतं. "थोरल्याचा फोन आला होता मघाशी. आई, मी तिला सोडवतोय, म्हणाला. मला चार शब्द बोलून घ्यायचे होते त्याला, पण ठेवलाच फोन. खरंच सोडवलं त्यानं तुला?"

"हो, आई. त्यांनीच सोडवलं."

"मग तो का नाही आला तुझ्याबरोबर? जेवायला वाढून बसलेय मी दुपारपासून."

निरीक्षकबाई दोन पायऱ्या खाली सरकल्या. वायरमनच्या बायकोने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग चौकटीवरचा तो सुरकुतलेला हात तिने आपल्या हातात घेतला, आणि म्हातारीनेही तो सोडवून घेतला नाही.

"आत चला, आई," ती म्हणाली. "आधी बसा. मग सांगते."